दुसरी चावी

चाव्या करणाऱ्याच्या घरात चावी कधी वेळेवर सापडत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शहाणीचे वडील अख्ख्या वस्तीची कुलपं उघडून देत, नुसती चावी हातात घेऊन तिचा कुठला दाता झिजलाय ते सांगत, आणि संध्याकाळी स्वतःच्याच दाराबाहेर खिसे चाचपत उभे राहत. आधी शर्टाचा खिसा, मग पँटचा, मग पुन्हा शर्टाचा. मग हसत. ते हसू इतकं निर्मळ असायचं की आईला धड ओरडताही यायचं नाही. न ओरडलेलं सगळं तिच्या कपाळावरच्या आठ्यांत साठत गेलं.

नवऱ्याचं एक वेळ तिनं चालवून घेतलं असतं, पण धाकटा मुलगाही तस्साच निघाला. खाण तशी माती. पायाला भिंगरी, तोंडाला चाक, एका जागी बसणं म्हणजे शिक्षा. घरात त्याचं नाव भोवरा पडलं. डबा शाळेत राही, दप्तर मैदानात, एक बूट कुठे ते देवालाही ठाऊक नसे. त्याला समजावून झालं, धपाटे घालून झाले, गोडीगुलाबीही करून झाली. पोराला कळायचं सगळं, वळायचं मात्र काही नाही. शेवटी आईनं आपल्या परीनं तोडगा काढला. घरातल्या झाडून सगळ्या कुलपांची दुसरी चावी करून घेतली, त्या सगळ्या एका कड्यात ओवल्या, आणि तो जुडगा दोरी बांधून थोरल्या मुलीच्या गळ्यात घातला.

"तू शहाणी आहेस ना?" आई म्हणाली.

या प्रश्नाला 'नाही' म्हणणारं मूल अजून जन्माला यायचं आहे. पोरीनं मान डोलावली, आणि त्या दिवसापासून तिचं नाव शहाणी. भोवऱ्याचं काय हरवलं, तो कुठे गेला, त्यानं उद्या काय न्यायचंय, सगळं शहाणीला विचारायचं. शहाणीला काय हवंय ते कोणी विचारत नसे. तसं त्यात वाईट कोणाच्या मनात नव्हतं. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात, आणि शहाणी रडतच नव्हती. आधीच एवढा गोंधळ असलेल्या घरात आणखी एकानं रडायचं म्हणजे जागा तर हवी!

पुढे गळ्यातली दोरी सुटली, जुडगा काही सुटला नाही. आईवडील गेले. वडिलांचं दुकान भोवऱ्याकडे आलं, त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली. शहाणीनं लग्न केलं नाही. तिला कोणी नको म्हणालं होतं असं नाही. विचारायला आलेल्या माणसासमोर बसून स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तिला काही सुचायचं नाही, आणि मग ती भावाबद्दल बोलायची. माणसं चहा पिऊन जायची. आता ती एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहत होती. दाराशेजारी भिंतीवर लाकडी फळी, फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला भावाची एकेक चावी: घराची, दुकानाची, मागच्या शटरची, गाडीची, कपाटाची. तिच्या स्वतःच्या दाराची चावी एकच होती आणि ती तिच्या पर्समध्ये असे. तिच्यासाठी कधी खिळा लागलाच नाही.

रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती भावाला फोन करी. आज मुलाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय. आज त्या दवाखान्यातलं कुलूप बसवून द्यायचंय, त्यांनी दोनदा फोन केलाय. भोवरा म्हणे, "बरं झालं ताई आठवण केलीस, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!" हे वाक्य तिच्या दिवसभराची शिदोरी होती. त्यावर ती संध्याकाळपर्यंत काढी.

फोन ती करी, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं. मागच्या थंडीत ती तापानं पडली. उठून भिंतीला धरून पाणी प्यायची आणि पुन्हा पडायची. फोन उशाशी होता, पण तो काही वाजला नाही. वाजणार कसा? या घरात फोन करायचं खातं तिच्याकडे होतं. तिनं केला नाही म्हणजे तो झाला नाही, एवढाच हिशोब. ताप उतरायला लागला तेव्हा एकदाची दारावरची बेल वाजली. ती धडपडत उठली, दार उघडलं. भोवरा दारात, घामाघूम.

"ताई, दुकानाची चावी दे पटकन! गिऱ्हाईक उभं आहे."

तिनं फळीवरची चावी काढून दिली. तो जिना उतरताना शीळ घालत होता. तिनं दार लावलं आणि पुन्हा पांघरुणात शिरली. रागही आला नाही तिला. फार एकटं वाटलं, इतकंच. आणि ते तर तिला रोजच वाटायचं, तापात जरा जास्त वाटलं.

या वर्षी भोवऱ्याच्या मुलाची पाळी आली. शाळेतून रोज तक्रार. बाकावरून उठतो, मध्येच बोलतो, वही घरी आणि पेन्सिल मित्राकडे. पण जमाना बदललाय, आता धपाट्याऐवजी डॉक्टर असतात. भावजयीनं मुलाला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं आणि अर्थातच शहाणीला बरोबर घेतलं, कारण कागद कुठले न्यायचे, किती वाजता पोचायचं, हे नवऱ्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन खेपांत सगळं नीट पाहिलं, विचारलं आणि सांगितलं की मुलाला एडीएचडी आहे. हा आळस नाही, आगाऊपणा नाही आणि कोणाच्या संगोपनाची चूकही नाही. लक्ष धरून ठेवणारा, मनाला लगाम घालणारा मेंदूचा भाग जरा वेगळ्या चालीनं चालतो. "आणि यात रक्तातून येण्याचा वाटा मोठा असतो," त्या म्हणाल्या. "उंची येते ना घराण्यातून, तसंच. घरात आणखी कोणी आहे असं?"

भावजय आणि शहाणी एकदम शेजारी बसलेल्या भोवऱ्याकडे बघायला लागल्या. तो तेवढ्या वेळात बाईंच्या टेबलाच्या खणाचं कुलूप वाकून बघत होता.

"हे ढिलं झालंय," तो म्हणाला. मग सगळे हसले तसा तोही हसला. मग त्याचं हसू हळूहळू विरलं. "म्हणजे... बाबासुद्धा?" त्यानं बहिणीला विचारलं. "आणि मी? म्हणजे मी मुद्दाम नव्हतो करत?"

"नव्हतास," बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दानं चाळिशीतल्या माणसाचे डोळे भरून आले. शहाणीनं पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला. तिच्या पर्समध्ये त्याच्यासाठी नेहमीच एक जास्तीचा रुमाल असे.

बाई पुढे बोलत होत्या. औषध आहे, सवयी लावता येतात, घरातलं वातावरण शांत असलं की मुलाला खूप मदत होते. मग त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. तिथे शहाणीची भाची बसली होती, अकरा वर्षांची. मांडीवर भावाचं दप्तर, हातात भावाची पाण्याची बाटली, खांद्यावर भावाचा स्वेटर.

"आणि तू कशी आहेस?"

पोरीनं तोंड उघडायच्या आत भावजय म्हणाली, "हिचं काही नाही हो. ही शहाणी आहे."

खोलीत कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. कोपऱ्यातली पोर आपली हसली. शहाणीला मात्र गळ्याभोवती काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं, आणि क्षणभरानं तिला कळलं की ती जुनी दोरी आहे.

पण माणसाचं मन मोठं लबाड. बाहेर आल्यावर भावजय तिला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एक बोलू? आता माझी कामाची पाळी बदलतेय, संध्याकाळी मी घरी नसणार. तुम्ही राहता लांब. त्या सगळ्या चाव्या आता पोरीकडे दिल्या तर? ती सांभाळेल. तुम्ही जरा तिला तयार करा. तुमच्यासारखी."

तुमच्यासारखी! शहाणीला धक्का बसायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. एवढ्या वर्षांत तिच्यासारखं कोणी नव्हतं. जे न सांगता बघतं, न मागता देतं, दाराबाहेर पडताना सगळ्यांच्या खिशांकडे नजर टाकतं, असं दुसरं माणूस जगात असेल, तेही आपल्या रक्ताचं, तर रविवारी त्या माणसाशी बोलता येईल. आपण काय करत आलो ते त्याला सांगावं लागणार नाही. त्या आठवड्यात तिनं जुडग्यासाठी नवं कडं आणलं, आणि फळीवरच्या चाव्या काढून त्यात ओवतानाही तिला बरं वाटलं. एकटेपणाला सोबत मिळत असली की माणूस सोबतीचं वय बघत नाही. ही गोष्ट तिच्या बाजूनं बोलणारी नाही, पण खरी आहे.

त्यातच शाळेतून दुसरी तक्रार आली, या खेपेला पोरीची. वर्गात हाक मारली तर ओ देत नाही. दोनदा, तीनदा मारावी लागते. भावजय डोक्याला हात लावून बसली. "एकाच्या डोक्याचं झालं, आता हिच्या कानांचं! ताई, तुम्हीच बघा."

शहाणीचं कामच ते होतं. एका रुग्णालयात ती कानांची तपासणी करायची. जाड गादीच्या भिंतींची एक छोटी खोली, तिथे बाहेरचा आवाज पोचत नाही. आत माणूस हेडफोन लावून बसतो. बाहेर काचेपलीकडे शहाणी यंत्रापुढे. ती बारीक-मोठे सूर सोडते, ऐकू आला की माणसानं बटण दाबायचं. बटण दाबलं की तिच्याकडे दिवा लागतो. दिवसभर ती काचेतून माणसं बघायची, आणि दिवसभर त्यांच्याशी एक शब्दही बोलायची नाही. तिला हे काम आवडायचं. आपण काहीतरी सोडलं आणि पलीकडून उत्तर आलं, असं तिच्या आयुष्यात इथेच काय ते घडत होतं.

शनिवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, तिनं भाचीला आत बसवलं. नियम असा असतो की माणसाला बाजूला तोंड करून बसवायचं, तपासणाऱ्याचा हात त्याला दिसता कामा नये. पण पोर घाबरेल म्हणून आत्यानं तिला काचेकडे तोंड करून बसवलं. एवढीशी माया केली आणि तिथेच चुकली.

तपासणी सुरू झाली. पोरीचे कान म्हणजे नवल! मोठा सूर, दिवा लागला. बारीक सूर, दिवा. मांजरालाही ऐकू येणार नाही इतका बारीक, तरी दिवा. शहाणीला कौतुक वाटलं, मग शंका आली. तिनं आवाज पूर्ण बंद केला आणि नुसतीच कळ दाबली.

दिवा लागला.

तिनं पुन्हा तसंच केलं, पुन्हा दिवा. मग तिनं कळीला हातही न लावता फक्त भुवई जराशी वर केली. दिवा.

काचेपलीकडे पोर तिच्याकडे टक लावून बघत होती. हेडफोनमधून काय येतंय याच्याशी तिला देणंघेणंच नव्हतं. ती आत्याचा खांदा वाचत होती, बोटं वाचत होती, भुवई वाचत होती. काय करायला हवंय ते समोरच्याच्या तोंडावरून उचलायचं आणि तो मागायच्या आत देऊन टाकायचं. शहाणीला हे शास्त्र कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईच्या कपाळावरची आठी वाचत वाचतच ती मोठी झाली होती.

ती आत गेली आणि पोरीची खुर्ची भिंतीकडे वळवली.

"आता माझ्याकडे नाही बघायचं. ऐकू आलं तरच दाब."

"पण मग मला कसं कळणार, बरोबर आहे का ते?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

पोरीचा चेहरा कावराबावरा झाला. भिंतीकडे तोंड करून ती बसली तेव्हा पाठीमागूनही तिचे आवळलेले खांदे दिसत होते. दिवे आता उशिरा लागत होते, भीत भीत. पण जिथे लागायला हवेत तिथेच लागत होते. कान ठणठणीत होते.

शहाणीनं आत जाऊन तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढला. "चुकलं का?" पोरीनं लगेच विचारलं.

"नाही गं. छान ऐकू येतं तुला. मग शाळेत ओ का देत नाहीस?"

पोर बराच वेळ बटणाच्या वायरीशी चाळा करत राहिली. त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नसल्यानं तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"ऐकू येतं मला," ती म्हणाली. "पण मी थोडा वेळ थांबते."

"कशासाठी?"

"दुसरं कोणीतरी ओ देईल म्हणून."

शहाणीनं हातातला हेडफोन खुंटीला अडकवला. पोरीला वाटलं आपण काहीतरी लागेल असं बोललो, म्हणून सावरायला तिनं विषय बदलला. तेही तिला येत होतं. "आत्या, तुझ्या घराची चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच."

"हरवली तर?"

"हरवत नाही."

"मीपण काही हरवत नाही," पोर म्हणाली. म्हणताना ती हसली नाही. आवाज हुबेहूब शहाणीचा होता.

रक्तानं भोवरे दिले होते: आधी वडील, मग भाऊ, मग भाचा. त्यात कोणाचा दोष नव्हता. पण शहाणी रक्तातून येत नाही. तिला घर घडवतं, हळूहळू, कौतुक करत करत. आणि आपण परवाच तिच्यासाठी नवं कडं घेऊन आलोय, हे आठवून शहाणीला स्वतःची शिसारी आली.

त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन ती भावाच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, चावी कापायचं मशीन, कानशी, पितळेच्या चुऱ्यानं पिवळी झालेली जमीन. भोवरा कोणाचं तरी कुलूप खोलून बसला होता. पोर आत शिरली ती गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली आणि विस्कटलेल्या कोऱ्या चाव्या लहान-मोठ्या निवडून लावायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं.

"राहू दे गं," शहाणी म्हणाली. "समोर बाग आहे, जा झोपाळ्यावर बस."

पोरीनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा आत्याकडे, आणि शिक्षा झाल्यासारखी बाहेर गेली.

शहाणीनं पर्समधून जुडगा काढून भावासमोर ठेवला.

"हे काय?"

"तुझ्या चाव्या. सगळ्या. आता माझ्याकडे नकोत, आणि तिच्याकडेही द्यायच्या नाहीत."

"मग मी काय करू? मी हरवणार!"

"हरव. अरे, तू चाव्या करतोस! हरवली तर नवी कर. अख्ख्या गावाला करून देतोस ना?"

भोवऱ्यानं मान वळवून मशीनकडे बघितलं. एवढी साधी गोष्ट त्या घरात तीन पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आली नव्हती. कधी नव्हे ती शहाणीला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. तिनं त्याला सगळं सांगितलं: काचेतून तोंड वाचणारी पोर, आवाजाशिवाय लागणारे दिवे, थोडा वेळ थांबणं.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. त्याचा हात कुलपावर थांबला होता.

"तुझ्यामुळे नाही. तू जसा आलास तसा आलास, तुझा पोरगाही. त्याला औषध मिळेल, तूही बाईंना भेट, तुलाही मिळेल. पण माझ्या गळ्यात दोरी होती रे. ती कोणीतरी बांधली होती." ती थांबली. असं बोलायची सवय नव्हती तिला. "मागच्या थंडीत मी तापानं पडले होते. तू आलास, चावी घेतलीस, गेलास. मला फार एकटं वाटतं. नेहमीच वाटतं. मी बोलत नाही, म्हणून वाटत नाही असं नाही."

भोवऱ्यानं हातातलं कुलूप खाली ठेवलं. मग हातानं तोंड पुसून म्हणाला, "ताई, मला दिसलंच नाही गं."

"माहीत आहे. म्हणून सांगतेय." तिनं पर्समधून आपल्या दाराची चावी काढली. "हिची दुसरी कर. आणि ती तुझ्याकडे ठेव."

"माझ्याकडे?"

"हो. दुसऱ्या कोणाकडे ठेवू?"

त्यानं चावी हातात घेतली, उजेडात धरली, दात्यांवरून अंगठा फिरवला, अगदी वडिलांसारखा. मग मशीन सुरू झालं. एकदा का चावी हाती आली की या माणसाचं लक्ष दोरखंडानं ओढलं तरी हलत नसे. पितळेचा चुरा उडत होता, त्याची जीभ दातांत धरलेली, आणि शहाणी बघत होती. आपल्यासाठी काहीतरी करताना भावाला ती पहिल्यांदाच बघत होती. झालं तेव्हा त्यानं नव्या चावीवर फुंकर मारली आणि ती डोळ्यांसमोर धरून खूश झाला. तेवढ्यात एक बाई आपलं कुलूप घेऊन आत आली, आणि "येते रे" म्हणून शहाणी निघाली.

जिना चढून ती दारापाशी आली, पर्समध्ये हात घातला. रुमाल लागला, जास्तीचा रुमाल लागला, चष्म्याचं घर लागलं. चावी लागली नाही. तिनं पर्स चाचपली, कोटाचे खिसे चाचपले, मग पुन्हा पर्स. मग तिला आठवलं. नवी त्याच्याकडे, आणि जुनीही त्याच्याकडेच. त्यानं द्यायचं राहिलं आणि तिनं मागायचं राहिलं. शहाणी विसरली होती!

तिनं फोन लावला. "अरे देवा, दोन्ही इथेच! आलोच ताई!" तो ओरडला. भोवऱ्याच्या 'आलोच'ला माप नसतं. ती पायरीवर बसली. जिन्यात संध्याकाळचा उजेड हळूहळू उतरत होता, बंद दारांमागून भांड्यांचे, नळांचे, कोणाच्या तरी भांडणाचे आवाज येत होते. याच पायऱ्या ती इतकी वर्षं चढत आली होती, पण त्यांवर कधी बसली नव्हती. खालच्या मजल्यावरची बाई पिशव्या सावरत वर आली आणि थबकली.

"बाहेर राहिलात? तुम्ही वरच्या मजल्यावरच्या ना?"

"हो. चावी विसरले."

"मग? कोणी येतंय का?"

"हो," शहाणी म्हणाली. "भाऊ येतोय." हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती, म्हणून तिनं ते जरा सावकाश म्हटलं.

अंधार पडता पडता जिन्यात धपधप पावलं वाजली. भोवरा धापा टाकत वर आला, मागून भाची. त्यानं शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग पुन्हा शर्टाचा. मग कपाळावर हात मारून घेतला.

"ताई... दुकानातच राहिल्या. होतो तसाच निघालो गं घाईत..."

शहाणीला वाटलं, आता हा पुन्हा जाणार. पण तो गेला नाही. कमरेच्या पाकिटातून त्यानं हत्यारं काढली, या एका गोष्टीचा त्याला कधी विसर पडत नसे, आणि दारापुढे गुडघ्यांवर बसला. "थांब, उघडतो," म्हणाला आणि कान कुलपाला लावला.

भाची पायरीवर आत्याशेजारी येऊन बसली. तिच्या हातात या वेळी कोणाची बाटली नव्हती, कोणाचं दप्तर नव्हतं. केसांना वारा लागलेला दिसत होता.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "चाव्या मशीनवर राहिल्या होत्या. दोन्ही. निघताना मी बघितल्या."

"मग?"

"मी सांगितलं नाही."

बोलताना तिनं आत्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती समोर बापाच्या हातांकडे बघत होती. शहाणीनं तिच्या गळ्यामागे, केसांखाली, हात ठेवला. तिथे दोरी नव्हती.

आत कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला. "ताई, उघडलं बघ!" भोवरा आनंदानं ओरडला.

दोघींनाही ऐकू आलं. दोघीही थोडा वेळ उठल्या नाहीत.